लंबकर्ण

रात्री साडेदहाला आमचा क्लब उघडतो.
उघडतो म्हणजे फोनवर एक हिरवा ठिपका,
मग सात, मग एकवीस.

नियम एकच. काळी मोहरी आली
की उंट कोपऱ्यात बसवायचा,
घोडा त्याच्या पुढ्यात,
आणि पटाचा मध्य पाहुण्याला देऊन टाकायचा.
या, बसा, ऐसपैस.
घराणंच तसं आमचं:
सख्खी किंग्ज इंडियन, चुलत पिर्क,
आणि येणंजाणं आहे पण बोलणं बेताचं, अशी बेनोनी.
दुसरं काही खेळलात तर कोणी हाकलत नाही,
फक्त पुढचा डाव कोणी लावत नाही.

रबाळ्याच्या औषध कंपनीत एकतीस वर्षं
मी नमुने तपासले.
माणूस निवृत्त होतो, चूक शोधणारा डोळा होत नाही.
त्या डोळ्याला पुरून उरतो एकच,
नाव घेतलंय लंबकर्ण.
पटावरचा लांब कर्ण, की गाढव?
विचारलं तर म्हणाला, डावावर अवलंबून.

मंगळवारी अकराव्या चालीला त्याने लिहिलं,
'पाणी आलं. दोन मिनिटं.'
आणि माझ्या मोरीतला नळ खाकरला.

कोपरखैरणे. चार मजले, सोळा घरं.
पाणीकपात सुरू झाल्यापासून
आमच्याच इमारतीला ही अवेळ.
तळमजल्याला शिवणाचा क्लास, दुसऱ्यावर कुलूप,
समोरची दोघं भांडतात, त्यांना कुठली फुरसत.
उरले वरचे हरेश्वर भगत,
ज्यांच्या मोरीची गळती माझ्या छतावर
कोपऱ्यातून तिरकी निघालीय,
तीन वर्षं, एकेक घर सरकत.

सोसायटीच्या सभेत हा माणूस सुईच्या टोकाएवढं देत नाही.
पाइप तुमचा. भिंत सामाईक. आधी प्लंबर आणा, मग बोलू.
आणि इथे मधलं प्यादं असं सोडतो
जसे कोणी रिक्षावाल्याला सुटे.

त्यांच्या वडिलांची खाचरं ह्याच सेक्टरखाली गेली
असं ते दर सभेत सांगतात,
आणि दर सभेत मी घड्याळ बघते.
ह्या वेळी घड्याळ त्यांचं चालू होतं.
वर बादली भरत होती.
मध्य सोडणं त्यांना
क्लबाने शिकवलं नसावं.

ते परतले. प्यादी राजाच्या अंगावर आली,
नेहमीसारखी, कडेने, एकामागून एक.
मग एक घोडा चुकला.
वर खुर्ची करकरली.
मी घोडा घेतला. घेणारच.

मग लिहिलं, 'पाणी गेलं का?'

उत्तर नाही.
ठिपका हिरवाच. त्यांची चार मिनिटं शिल्लक,
तीन पन्नास, तीन एकेचाळीस.
वर कोणीतरी नळ बंद करतं,
पुन्हा एकदा पिळून बंद करतं.
डाग जिथल्या तिथे.
माझं बोट पटावर,
पाळी माझी नसताना.