ए साडेतीन

नेल्सन बेंतांकोर, बसचा ड्रायव्हर.
बगलेत थर्मास, मुठीत तुंबा,
तुंब्यात येर्बाचा कडू हिरवा काढा.
साल्तो गावात अशी माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतात.
हा मात्र बोलताना हात तोंडाशी न्यायचा,
सारखी जांभई आवरत असल्यासारखा.

खुर्चीत टेकायच्या आधीच मोबाइल पुढे केला.
"हा मिल्तोन. माझ्यामागून अकरा मिनिटांनी जन्मला.
एकोणीस वर्षं स्पेनमध्ये. जूनमध्ये येतोय.
हसणं बघा त्याचं.
मला तसं करून द्या."
फोटोतले दात इतके पांढरे
की बाकीचा चेहरा त्यांच्या मागे रांगेत उभा.

आ करा, म्हटलं.
हिरड्या लालबुंद, कडेला सोललेल्या.
काय घासलंत?
लिंबू. सोडा.
मग बायकोच्या भाचीने सांगितला म्हणून कोळसा.
किती दिवस?
तो छताकडे बघत राहिला.
माझ्या छतात इतकं बघण्यासारखं काही नाही.

रंगांची पट्टी काढली मी,
चिनी मातीचे सोळा दात, शिंप्याकडच्या बटणांसारखे ओळीत.
एकेक त्याच्या सुळ्याशी धरत गेले, खिडकीच्या उजेडात.
ए साडेतीन.
"म्हणजे नापास?"
नाही हो, पत्ता आहे हा. इथून निघायचं.

त्या दिवशी काहीच पांढरं केलं नाही.
खालच्या दाढेतली कीड भरली.
पुढच्या खेपेला कीटण काढलं, दगडासारखं.
हिरड्यांना तीन आठवडे सुट्टी दिली.
आणि समोरच्या एका दातावर आरशाचं टोक टेकवून सांगितलं,
ही टोपी आहे. हिच्यावर औषध चालत नाही.
शेजारी उजळतील, ही आहे तिथेच राहील.
आधी सांगते, मागाहून भांडायला येऊ नका.
"शाळेत चेंडू लागला होता,"
एवढंच म्हणाला.

मग त्याच्या दातांचे साचे, मापाने घेतलेले,
आणि नळीतली जेल.
रात्री दोन तास. दाताला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब.
जास्त लावून जास्त पांढरं होत नाही,
हिरडी तेवढी भाजते.
कळ आली तर एक दिवस खाडा, आणि मला फोन.
"आणि येर्बा?"
दोन आठवडे बंद.
मी जणू त्याचं लायसन्सच मागितलं होतं.

सहाव्या दिवशी फोन.
"डॉक्टर, वारा लागला की झिणझिणतं.
दातच आहेत ना हे? की तुंब्याची आठवण?"
दातच, म्हटलं. आज लावू नका.

ए दोनपर्यंत आलो.
त्याला अजून हवं होतं, फोटोइतकं.
मी साचे काढून घेतले.

जूनमध्ये दोघे आले.
तेच कान, तेच विरळ टाळू, चालताना तोच उजवा खांदा खाली.
मिल्तोन खुर्चीत बसला, इकडेतिकडे बघितलं,
आणि वरची अख्खी ओळ काढून
माझ्या तळहातावर ठेवली.
"सारागोसात. तिसरा हिवाळा. परातीवरून पडलो."
परात म्हणजे बांधकामाची, लाकडी, तो नंतर म्हणाला.
हसेल त्याचे दात दिसणार,
पण कुणाचे, ते हसणाऱ्यालाच ठाऊक.

खोलीत कुणी बोललं नाही.
मग नेल्सनने थर्मासचं झाकण फिरवलं,
माझ्याकडे बघितलं, परवानगीसाठी.
मी नळाकडे बोट दाखवलं: नंतर चूळ भरा.
एकच नळी, आधी धाकट्याकडे, मग थोरल्याकडे.

निघताना विचारलं,
ती समोरची टोपी बदलून देऊ?
आता शेजाऱ्यांत वेगळी दिसते, जुनी, पिवळसर.
नेल्सनने जिभेने ती चाचपली.
"राहू द्या.
ती लाथ ह्याचीच होती."