मूठ मूठ

दिराच्या कुडातून त्लालीला आणलं
तेव्हा दोरी लागलीच नाही.
मी पुढं, तो मागून,
चढावर दर दहा पावलांना थांबत,
पुढचा पाय कुठला ते आठवत असल्यासारखा.
मोत्सेकी दारातूनच म्हणाला, "ने बाई,
कातड्याचे तरी पैसे आले असते मला."

खूर वाढून जुन्या वहाणांसारखे वर वळलेले.
पाठीवर खोगिराएवढी जखम,
जिच्यावर गेली दोन वर्षं खोगीर नव्हतं,
नुसते पाऊस बसले होते.

न्ताते फाखिसोनं ओठ उचलून दात पाहिले.
"बावीसचा तरी असेल. आणि ऐक,
पोटभर घालशील तर मारशील.
रिकामं पोट भरली पाटी सोसत नाही.
मूठ मूठ दे. दोन दोन तासांनी. रात्रीसुद्धा."
मग दाढांवर कानस फिरवत बसला.
जळक्या शिंगाचा वास
माझ्या केसांत दोन दिवस होता.

जुलै असा गेला.
सेन्कू काठाकाठानं गोठलेली,
मोबाइलचा गजर, कंदील,
कोमट पाण्यात भिजवलेला ज्वारीचा कोंडा.
बारा. दोन. चार.
माझ्या तळव्यावर त्याचा ओठ,
आधी कोरडा,
मग कधीतरी ओला.

कणसांच्या नक्षीचं माझं ब्लँकेट
मी त्याच्या पाठीवर टाचणीनं अडकवलं.
झऱ्यावरच्या बायका हसल्या,
"लग्नातलं ब्लँकेट, गं? घोड्याला?"
म्हटलं, थंडी त्याला वाजतेय, लग्नाला नाही.

रविवारी वेल्कोमहून फोन यायचा.
मी नवऱ्याला त्लालीचं सांगितलं नाही.
त्याचाच घोडा, भावाच्या भरवशावर सोडलेला.
तोही खोकला थांबवून ठेवायचा
फोन ठेवेपर्यंत.

आणि एका पहाटे
त्लाली आडवा.
पाय ताणलेले, मान गवतात, डोळा मिटलेला.
माझ्या हातातलं घमेलं पडलं,
कोंडा बर्फावर सांडला.
त्या आवाजानं एक कान हलला.
मग दुसरा.
मग पुढचे पाय, मग सगळं धूड, शिंक,
ब्लँकेटला शेण फासलेलं.

फाखिसो हसून हसून खोकला.
"अगं, उठता येईल याची खात्री नसते
तोवर असला घोडा उभ्यानंच झोपतो."

सप्टेंबरात पीचला फुलं आली
त्याच आठवड्यात त्सेलीसो उतरला टॅक्सीतून.
एक बॅग, तपकिरी पाकिटात छातीचा फोटो,
कोट कुणा थोरल्या माणसाचा वाटावा असा.
कुंपणाशी बराच वेळ उभा होता.
त्लालीनं त्याच्याकडं पाहिलं
आणि पाठ फिरवून चरू लागला.
"बरोबर आहे त्याचं," त्सेलीसो म्हणाला.

रात्री आंबिलीचे दोन घास खाल्ले,
ताटली सरकवली.
मी आग्रह केला नाही.
दिवा बारीक केला,
आणि गजर लावला
दोन तासांनंतरचा.