टोळी

आधी चप्पल गेली.
कोपरखैरण्याच्या जिन्यात, डाव्या पायातली,
आणि मला तिसऱ्या मजल्यापर्यंत पत्ता नाही.
हौसा म्हणाली, पिऊन आलात का?
मी म्हटलं, हो.
ते सोपं होतं.

मग उजव्या पोटरीवर चहा सांडला, उकळता.
मी बघत राहिलो,
दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसा.

एकतीस वर्षं पाठीवर कांदा वाहिला,
तुर्भ्याच्या मार्केटात, पन्नास किलोची गोण,
ट्रकपासून गाळ्यापर्यंत, गाळ्यापासून टेंपोपर्यंत.
म्हणून पाठ धरली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं:
ओझं.
मुकादमाने तेल दिलं, सेक्टर सहाच्या वैद्याने पट्टा,
मारुती सपकाळने पाठीवर पाय देऊन पाहिला.
मलाही पटलं होतं. हिशेब जुळत होता.

नेरूळला त्या नळकांड्यात घातलं.
ठाक ठाक ठाक, चाळीस मिनिटं,
जणू पत्र्याच्या शेडवर कुणी बटाटे ओततंय.

डॉक्टर चौबळांनी पडद्यावर बोट ठेवलं.
मणक्यांच्या आतली दोरी,
आणि डावीकडून तिला रेटत बसलेली
चिंचोक्याएवढी गाठ.
मी विचारलं, गोणीमुळे?
नाही म्हणाले. गोणीचा काही संबंध नाही.
बँकेतल्या कारकुनालाही झाली असती.

त्या रात्री डोळा लागला नाही.
भीतीने नाही, खरं सांगतो,
रागाने.
एकतीस वर्षांचं ओझं
आणि माझ्या दुखण्यावर त्याची साधी सहीसुद्धा नाही.

सही मी केली. चार पानांवर.
चालाल, बहुतेक चालाल, असं डॉक्टर म्हणाले.
"बहुतेक" हा शब्द आम्ही मार्केटात
पाऊस उघडेल का, यासाठी वापरतो.

पाच तास लागले. हौसा बाहेर
पासबुक मांडीवर घेऊन बसली होती.
गाठ अख्खी निघाली.
दोरी दबून पट्टीसारखी चपटी झालेली,
आणि गाठ सुटल्यावर हळूहळू पुन्हा ठोके धरू लागली,
हे सांगताना डॉक्टरांचा आवाज जरा निराळा झाला.
वजन किती भरलं? मी विचारलं.
तीन ग्रॅम असेल.
तेवढं आम्ही काट्यावर माती म्हणून सोडून देतो.

शेजारच्या खाटेवर खारीगावचा केणी होता,
माझ्या पोरापेक्षा लहान.
त्याची गाठ दोरीच्या आतच वाढलेली.
सगळी काढता आली नाही.
तो चाकाच्या खुर्चीतून घरी गेला.
जाताना म्हणाला, काका, जिना जपून.
त्याचा नंबर माझ्याकडे आहे.
अजून लावला नाही.

जेसिंता परेरा डोळे मिटायला लावायची,
एकदा थंड चमचा, एकदा गरम.
डाव्याला सगळं कळतं, पण उचलताना तो फरपटतो.
उजवा खणखणीत,
पण त्याला बर्फ काय नि निखारा काय.
आतल्या तारा अशाच जातात काका, काही सरळ, काही पलीकडून,
तिने वहीच्या पाठीवर काढून दाखवलं.
बाकीचं येईल?
येईल थोडं, म्हणाली. सहा महिने, वर्ष.
मग म्हणाली, चला, उठा.

पाच किलोच्या वर उचलायचं नाही.
बिल्ला जमा केला, पावती घेतली.
हौसा तर कोथिंबिरीची जुडीपण हातात देत नाही.

गोण एकट्याने पाठीवर येत नसते.
एक उचलून देतो, एक नेतो,
आणि दोघांतला कोण थोर, हे कुणी विचारत नाही.
आता माझी टोळी तेवढीच.
बादलीत आधी डावा घालतो,
तो सांगतो पाणी कसं आहे.
मग उजवा उभा राहतो आणि अंग पेलतो.

आज तीन मजले एका दमात नाही जमले.
दुसऱ्यावर थांबलो, कठडा धरला.
पायांवर विश्वास आहे, तरी खाली वाकून मोजलं:
दोन पाय.
दोन चपला.