वेदीची कापडं माझ्या घरी

धुवायला म्हणून आणली होती,
परत न्यायचं राहिलं.
जांभळं, पांढरं, हिरवं, आणि एक लाल,
ज्याच्यावरचा मेणाचा डाग
मी लग्न होऊन आले तेव्हापासून गेलेला नाही.
चर्चची किल्लीही माझ्याच कपाटात,
पण बिटको चौकापुढे जाऊ देत नाहीत.

पहिल्या रविवारी साडेनऊला
आम्ही सगळे आपापल्या घरी आंघोळी उरकून बसलो होतो.
हे नंतर कळलं.
कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.
सायमन पगारे तर बूट घालून पलंगावर.
बायको म्हणाली, पाय वरच ठेवा, फरशी पुसलीय.

मग फोनचं ठरलं.
पाळकांच्या फोनवर एका वेळी पाचच माणसं मावतात,
आणि आम्ही नाशिकरोडचे लूथरन,
कुणी रेल्वेचे, कुणी प्रेसचे,
पाळकांचं धरून घरं एकतीस.
म्हणून वचन पाचांना, त्या पाचांनी पुढच्या पाचांना,
जेल रोडवरून देवळाली गावात,
तिथून विहितगाव, सिन्नर फाटा.
पोचेपर्यंत
मेंढपाळानं मागे सोडलेली नव्व्याण्णव मेंढरं
एकोणनव्वद झालेली.
"दहा कुठं गेली?"
ओहोळ आजोबांनी उलट फोन लावला.
पाळक हसले. बऱ्याच दिवसांनी.

गाणं मात्र जमेना.
एकाचं कडवं संपतं तेव्हा दुसऱ्याचं सुरू होतं.
मार्था कायमची एक मात्रा मागे,
बाकावर कोपरानं ढोसावं लागायचं तिला.
आता सगळेच मार्था.

जांभळं मी धुऊन गॅलरीत घातलं,
एवढंच, वाळायला.
संध्याकाळी विहितगावातून हन्नाचा फोन:
दूधवाला म्हणतो, तुमच्याकडे नवे पडदे आलेत.
म्हटलं, पडदे नाहीत गं,
लेंट चालू आहे.

मग रोजच घालायला लागले.
उत्तम शुक्रवारी काहीच घातलं नाही,
दोरी रिकामी, चिमटे तेवढे.
रविवारी पहाटे पांढरं.
खालच्या नाक्यावरचा हवालदार म्हणाला,
काकू, काल-परवा काही नव्हतं, आज चादर?
आज आहे, म्हटलं.
यापेक्षा चांगला उपदेश मला सुचला नाही.

पण खरं सांगायचं तर ते शीबासाठी होतं.
शीबा वाघमारे, सरकारी दवाखान्यात नर्स,
रात्रपाळी करून होस्टेलवर झोपते,
स्वतःच्या लेकराला गेटबाहेरून बघते.
साडेनऊला तिचा फोन बंद असतो.
सात वाजता ती आमच्या रस्त्यानं चालत जाते,
वर बघते,
कुठला रंग आहे ते बघते.
हात करत नाही. करायला ताकद नसावी.

त्याच आठवड्यात ओझरच्या पॅकिंग हाउसमधून
एलियानं द्राक्षं पाठवली.
कंटेनर निघालेच नाहीत म्हणे,
परदेशी जायचा माल आमच्या उंबरठ्यांवर.
पाळकांचा फोन पाचांना, पाचांचा पाचांना:
नीट ऐका, हे प्रभुभोजन नाही.
ही नुसती द्राक्षं. धुऊन खा.
त्याची वाट बघायची आहे आपल्याला.
हा निरोप मात्र सगळीकडे जसाच्या तसा पोचला.

मी एक घड कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला.
शीबानं मास्क खाली केला,
माझ्याकडे पाठ करून
एक मणी तोंडात टाकला.
मी वर, एक.
नुसती द्राक्षं.

ओहोळ आजोबा जुलैत गेले.
त्यांच्या नंबरावरून पुढच्या पाच घरांना वचन जायचं,
ते आता माझ्याकडे आहे.
सांगण्याआधी मी वहीत मोजून घेते.

हिरवं फार दिवस चालतं, पार हिवाळ्यापर्यंत.
पावसात वाळत नाही, उन्हात विटतं,
एक बाजू पोपटी झालीय.
कुलूप निघेल तेव्हा
विटकी बाजू लोकांकडे करायची
असं मी ठरवलंय.
पाळकांना अजून विचारलेलं नाही.