भाता

अंबडच्या कारखान्यात माझं काम तोडण्याचं.
दोन पत्रे चिकटवायचे, रात्रभर ठेवायचे,
सकाळी यंत्राच्या जबड्यात धरून ओढायचे
आणि कितव्या किलोला कडाक् झालं
ते निळ्या वहीत लिहायचं.
आठ वर्षं झाली.
माझा जोड सहसा हरत नाही, आधी पत्रा फाटतो.

म्हणून मखमलाबादच्या भजनी मंडळाची पेटी
भात्यातून फुसफुसायला लागली तेव्हा
मीच म्हणाले, द्या इकडे.
दोन नळ्या, एकास एक, काडीने कालवल्या.
झाकणाला हळूहळू ऊब चढली:
रेझिनच्या साखळ्या हार्डनरला भेटून
हातात हात घालत होत्या,
उभ्या, आडव्या, तिरक्या, सगळं मिळून एकच जाळं,
जे पाण्याला ऐकत नाही
आणि आच दिली तर जळतं, पण सुटत नाही.
मला याचं कौतुक होतं.

गुरुवारी भाता वर गेला
आणि घडीच्या रेषेवर, माझ्या जोडाला लागूनच,
चामडं चिरलं.
जोड शाबूत.
कौतिकबुवांनी पेटी मिटली, काही बोलले नाहीत,
टाळांवरच अभंग ओढून नेला.

शनिवारी मांडीवर पेटी, द्वारकेची कोंडी, मग दूध बाजार.
दस्तगीर चाचांचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा.
शाळेच्या वह्यांसाठी पांढऱ्या गोंदाची बादली,
जुन्या जिल्दींसाठी कणकेची खळ,
तिच्यात चिमूटभर मोरचूद, किड्यांनी पुस्तक खाऊ नये म्हणून,
आणि स्टोव्हवर, पाण्याच्या पातेल्यात बसवलेला डबा.
वास ओल्या कातडीचा. थोडा हाडांचा.

चाचांनी जोडावर नख वाजवलं. टक् टक्.
"कुणी केलं हे?"
"ओळखीच्या एक बाई आहेत."
"हुशार दिसतात. पण त्यांना पेटी वाजवता येत नसणार."
"नाही येत," मी म्हणाले. तेवढं खरं होतं.

डिसेंबर. पारा आठावर.
त्यांनी दार लोटून घेतलं; गार वाऱ्यात म्हणे
ब्रश टेकायच्या आत सरस थिजतो.
मला कारण माहीत होतं:
कातडीतल्या प्रथिनाची तिपेडी वेणी
गरम पाण्यात उलगडते,
आणि गार होताना पेड पुन्हा गुंफले जातात,
जिथे जमेल तिथे, जमेल तसे.
परीक्षेत लिहिलं होतं, चार मार्कांना.
वास माहीत नव्हता.

भात्याच्या पलीकडच्या बाजूला कुणा जुन्या कारागिराचा जोड होता.
त्यावर त्यांनी गरम फडकं ठेवलं, बिडीचे दोन झुरके घेतले,
बोथट सुरी घातली.
उकडलेल्या बटाट्याची साल निघावी
तसं चामडं अख्खं हातात आलं.
माझ्या बाजूला मात्र पटाशी लागली.
पुठ्ठा आला, लाकडाची कपचीही आली.

"ताकदीचं काय घेऊन बसलीस," चाचा म्हणाले.
म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. कधी, ते कळलं नाही.
"उद्या कुणीतरी हे पुन्हा उघडणार आहे.
त्याची सोय ठेवून चिकटवायचं."
मग ब्रश फिरवला, अंगठ्याने चामडं दाबत नेलं,
आणि कडेला आलेला थेंब
बोटाने पुसून डब्यात परत टाकला.
परत टाकला!
आमच्याकडे सांडलेला गोंद
पिवळ्या पिंपात जातो, सहीनिशी.

सोमवारी निळी वही.
नमुना अकरा: चारशे बारा किलो. पत्रा फाटला.
पट्टी घेऊन मी उजवीकडे आणखी एक रकाना आखला,
डोक्यावर लिहिलं: किती उबेला सुटतो.
दुपारी गायधनी साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, अजून काही नाही.
त्यांनी रिकाम्या रकान्याखाली सही केली.

पेटी गुरुवारपर्यंत वाळेल.
डाव्या अंगठ्यावर शुक्रवारी सांडलेला झटपट गोंद आहे,
तो, ज्याला जुळून यायला त्वचेची ओल पुरते.
कडेने सुटायला लागलाय.
ओढत नाही मी. धुणंभांडी करताना जाईल.