तृतीय वर्ष, मराठी : एकूण आठ

कार्डशीट एकच, तेही पिवळं,
पांढरं वाळपईच्या दुकानात संपलं होतं.
सरांनी फूटपट्टीने आठ चौकोन आखले
(आठवा चेपला, कडेला जागा उरली नाही)
आणि म्हणाले, "स्वतःला काढा. खाली चार ओळी.
स्तुती चालणार नाही.
निंदा केलीत तर पुराव्यासकट."

बाहेर काजूचा मोसम.
भट्टीवरून बोंडांचा आंबूस वास खिडकीतून आत,
तो आमच्यापेक्षा नियमित हजर.

बिरू झोरेने पहिला चौकोन बळकावला,
स्वतःऐवजी एक पाठमोरी म्हैस काढली:
"पहाटे वीस म्हशी हाकतो,
मग बस पकडून तुमच्यात बसतो.
दोन्हीकडे रवंथच चालतं.
तिकडे दूध तरी निघतं."

प्रज्योत माजिकने नुसती मिशी काढली.
"जत्रेच्या नाटकांत चार वर्षं राजा,
परीक्षेत कायमचा रंक.
मिशी भाड्याची आहे. सोमवारी परत द्यायचीय."

कृत्तिका परबने वेणी, टिकली, चष्मा
असं सगळं मन लावून रंगवलं.
शेजारच्या चौकोनात तिची जुळी कृपाली
लिहून मोकळी झाली: "वरच्याप्रमाणे."
सर म्हणाले, वर नाही, डावीकडे.
हजेरीला तीन वर्षं कोण कोणासाठी ओरडलं
हे अजून त्यांनाही नक्की आठवत नाही.

फ्लाविया रॉड्रिग्ज:
"आजी विचारते, पाद्री विचारतात,
कदंबाचा कंडक्टर सुटे पैसे देता देता विचारतो,
तू आणि मराठी?
खरं सांगू? प्रवेशाच्या दिवशी
इंग्रजीची रांग उन्हात होती."
(हीच फ्लाविया आमच्या ऱ्हस्व-दीर्घांची फौजदार.)

शमिका गावस. दोन मिटलेले डोळे, बाकी कोरं.
"दुपारचं काव्यशास्त्र मी मागच्या बाकावरून ऐकलं.
नऊपैकी एक रस पुरता उमगला.
शांत."

लौकिक च्यारी दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत बोटीवर गेला.
नाव पटावर राहिलं, सर वाचत राहिले,
आम्ही "समुद्रात!" म्हणत राहिलो.
त्याचा फोटो फोनवर आला,
झेरॉक्सच्या दुकानात छापला तर चेहरा काळा,
फक्त मागच्या चादरी पांढऱ्याशुभ्र.
खाली त्याने कळवलेलं चिकटवलं:
"इथे चादरी घडी करतो, दिवसाला चारशे.
कोपऱ्याला कोपरा जुळला की
सर, तुमचं यमक आठवतं.
पगार बरा आहे."
वाचताना कोणी हसलं नाही,
मग प्रज्योत हसला, म्हणून सगळे.

चेपलेला चौकोन माझा.
"वर्गप्रतिनिधी, बिनविरोध,
कारण निवडणुकीच्या दिवशी मी गैरहजर होते.
ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली तीन वर्षं जपली.
कपाट उघडंच होतं."

मग बन, पातळभाजी,
आणि बिरूने दुधाच्या कॅनमधून आणलेला नीरो.
सरांनी हुंगून पाहिला, एकदा खात्रीसाठी,
दुसऱ्यांदा आवडीने.
भाषण केलं नाही. एवढंच म्हणाले,
पुढल्या वर्षासाठी तीन अर्ज आलेत,
त्यातला एक चुकून.

तक्त्याच्या तळाशी प्रज्योतने
राजाला शोभेल अशा ठळक अक्षरांत लिहिलं होतं:
आम्हि येतो.

सरांनी लाल पेनाचं टोपण काढलं.
आम्ही वाट पाहिली. तीन वर्षांची सवय.
त्यांनी बराच वेळ पाहिलं,
टोपण परत लावलं
आणि गरज नसताना पंखा बंद करायला गेले.

तेवढ्यात फ्लावियाने काजळाच्या पेन्सिलीने
डावीकडची वेलांटी खोडून उजवीकडे दिली.

बिरूची बस सव्वाचारची.
हॉर्न ऐकून आम्ही सगळेच धावलो,
ती सगळ्यांची नव्हती तरी.