तिसरं बटण

किसुमूत रात्री दोनला ओचोला
एका खिडकीचे कोपरे गोल करत बसलाय.
तयार मिळते ती चौकट त्याला नको होती:
करडी, कोरडी, कचेरीतल्या कारकुनासारखी
मान वर न करता विचारणारी.

म्हणून त्यानं स्वतःची बांधली.
मागचा पडदा अंधुक केला,
सरोवरावर सांज उतरावी तसा.
अक्षरं लुओ भाषेत, ठळक:
'होडी परत आली का?'
खाली दोन बटणं. हिरवं 'हो', लाल 'नाही'.
बाहेर कुठंही बोट लावा, मिटणार नाही;
उत्तर घेतल्याशिवाय जागची हलत नाही ती.

सकाळी धक्क्यावर
मासळी सुकवणाऱ्या रिसपरच्या हाती फोन दिला.
तिचा खवले चिकटलेला अंगठा
हिरव्यावर गेला, लालवर गेला,
मग हवेतच थांबला.
'काही चुकलं का?'
'नाही रे. आज चौथा दिवस.
आली नाही, हे खरं.
पण ते मी माझ्या हातानं कसं दाबू?'

ओचोला परतला. चहा निवला.
तिसरं बटण बसवलं, बिनरंगाचं:
'उद्या विचार.'

आणि बाहेर बोट लावलं
तर आता मिटते ती,
आवाज न करता.